समुद्र एका काचेवर, आकाश दुसरीवर

(एका गटातली चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खारफुटी
रत्नागिरीत डिसेंबरात दोन दिवसांची कार्यशाळा ठरते आहे. बारा मुलं, बहुतेक चित्रकलेची. विषय ‘छायाचित्र कला कशी झाली’. पडद्यावर चित्रं दाखवत इतिहास सांगण्यापेक्षा त्यातले दोन टप्पे मुलांनी हातानं छापावेत, असा बेत आहे. पहिला, इंग्लिश वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्स यांच्या रीतीनं समुद्री शेवाळाचे निळे ठसे, म्हणजे सायनोटाइप. दुसरा, फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांच्या रीतीनं दोन निगेटिव्ह जोडून समुद्राचं चित्र. कॅमेरा फोनचाच, छपाई उन्हात.

प्रश्न तीन. दमट हवेत कागद आणि रसायनं कशी सांभाळायची? विहिरीचं पाणी चालेल का? आणि ल ग्रे यांची जोडणी पाहून मुलं लगेच म्हणणार, ‘हे तर फोटोशॉप!’ त्यावर काय सांगायचं?

अंधारखोली
तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर रसायनात आहे.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची काच आणली, म्हणजे चिकट प्रकाशसंवेदी लेप देऊन ओली असतानाच वापरायची काचेची निगेटिव्ह. ही काच फक्त निळा आणि अतिनील उजेड ओळखते. हिरवा तिला जेमतेम दिसतो, तांबडा नाहीच. समुद्र आणि खडक नीट उमटेपर्यंत काच उघडी ठेवली की तेवढ्या वेळात निळं आकाश जळून जातं. निगेटिव्हवर तो भाग गच्च काळा होतो आणि कागदावर कोरा पांढरा उतरतो. ढग गेले. त्या काळातल्या कितीतरी निसर्गचित्रांतलं आकाश पांढऱ्या पत्र्यासारखं दिसतं ते यामुळे.

ल ग्रे मुळात चित्रकार, देलारोश या चित्रकाराच्या कार्यशाळेत शिकलेले. कोरं आकाश त्यांना कसं चालणार? १८५६-५७ मध्ये त्यांनी समुद्रासाठी एक काच आणि आकाशासाठी कमी वेळ दिलेली दुसरी काच वापरली, आणि एकाच कागदावर क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून छापल्या. फ्रान्समधल्या सेत बंदरावरच्या मोठ्या लाटेचं १८५७ चं चित्र हे त्याचं ठळक उदाहरण. ढगांची एकच काच त्यांनी वेगवेगळ्या समुद्रांवर वापरल्याचंही दिसतं. दोन चित्रं शेजारी ठेवून मुलांना तेच ढग हुडकायला सांगा, व्याख्यानाचा अर्धा तास वाचेल.

फोटोशॉप म्हणाल तर हो, आहे. पण डोळ्याला एका वेळी दिसणारं दृश्य काचेला एका वेळी घेता येत नव्हतं, म्हणून केलेलं. आजचा फोनही न विचारता तेच करतो. कार्यशाळेत फोनमधलं एचडीआर (कमीजास्त उजेडाच्या फ्रेमा आपोआप जोडणारी सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर जोडायला काही उरणारच नाही.

निळाई
सायनोटाइपचं माप देते. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली पद्धत, आणि अजून जवळपास तशीच चालते.

बाटली ‘अ’: फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवा प्रकार, २५ ग्रॅम, पाणी घालून १०० मिली.
बाटली ‘ब’: पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, पाणी घालून १०० मिली.

दोन्हींसाठी डिस्टिल्ड पाणी, दोन्ही बाटल्या तपकिरी काचेच्या. वापरायच्या वेळीच समसमान मिसळायचं. ए-५ आकाराच्या कागदाला साधारण दीड मिली लागतं. बारा मुलं, प्रत्येकी चार कागद, म्हणजे ७२ मिली. सांडलवंड धरून ४५ अधिक ४५ करा.

‘अ’ बाटलीवर आपल्याकडे आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशीचा तवंग येतो. घाबरू नका, कॉफीच्या गाळणकागदातून गाळून वापरता येतं. शक्यतो कार्यशाळेच्या आदल्या दिवशीच बनवा.

ब्रश धातूची पट्टी नसलेला हवा, बांबूचा किंवा स्पंजचा. पट्टीचं लोखंड द्रावणाला लागलं की कागदावर निळे ठिपके पडतात आणि दोष कागदाला जातो. खोलीत ट्यूबलाइट नको, पिवळा कमी वॉटचा बल्ब चालतो. आधी आडवे, मग उभे हात मारा. कागदावर तळं साचता कामा नये.

आणि सुरक्षेची एकच गोष्ट, पण ती फळ्यावर लिहा: फेरीसायनाइडमध्ये तीव्र आम्ल घालायचं नाही, ते तापवायचंही नाही. विषारी वायू निघतो. व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल फक्त धुण्याच्या पाण्यात, तेही थोडं. हातमोजे सगळ्यांना.

कातळकोर
दमटपणाबद्दल. डिसेंबरात सकाळी दव असतं, दुपारी हवा बरी होते. कागदाला लेप दुपारी द्या, पंख्याखाली अंधारात दहा मिनिटं, मग केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा. हाताच्या पाठीला कागद गार लागला तर तो अजून ओला आहे. ओल्या कागदावर निगेटिव्ह ठेवली की शाई चिकटते आणि दोन्ही वाया जातात.

लेप दिलेला कागद रात्रभर ठेवायचा मोह टाळा. कोरड्या गावात तो दोन-तीन दिवस टिकतो, किनाऱ्यावर सकाळपर्यंत पिवळ्याचा हिरवट होतो. म्हणजे उन्हात जायच्या आधीच रसायन काम करू लागलं. असा कागद धुतला की पांढरा भाग पांढरा राहत नाही, फिकट निळी झाक राहते. ठेवावाच लागला तर घट्ट झाकणाच्या डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसोबत.

कागदाची परीक्षा सोपी आहे. कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कागदात खडू आहे. निळ्या रंगद्रव्याला अल्कली सोसत नाही, अशा कागदावर ठसा धुता धुताच फिका पडतो. हातकागद सुंदर दिसतो म्हणून आंधळेपणानं घेऊ नका, आधी थेंब. खडू निघालाच तर ५ टक्के सायट्रिक आम्लात कागद भिजवायचा, बुडबुडे थांबले की साध्या पाण्यातून काढून वाळवायचा.

खारफुटी
थेंबाची युक्ती झकास. पाण्याचं?

कातळकोर
जांभ्याच्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, ते सायनोटाइपला मानवतं. अडचण लोखंडाची. पाणी उपसून ठेवल्यावर वरती तांबूस साय धरत असेल, किंवा टाकी गंजकी असेल, तर त्या पाण्यात पहिली धुलाई करू नका. पाण्यातलं लोखंड कागदावर उरलेल्या फेरीसायनाइडला भेटतं आणि सगळा पांढरा भाग निळसर होतो. पहिली दोन पाणी पावसाच्या साठवलेल्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याची घ्या, लिटरला अर्धा चमचा सायट्रिक आम्ल घालून. पिवळेपणा निघून गेला की पुढची पाणी विहिरीची चालतील. प्लास्टिकचे ट्रे आणा, पत्र्याचे घमेले नको.

सुकतीभरती
शेवाळाचा विषय निघालो म्हणान लिवतंय. हे ठसे काढूक शेवाळ ताजा नाय, दाबून सुकयलेला होया. आता सरळ मराठीत, कारण माप द्यायचं आहे.

किनाऱ्यावर वाहून आलेलंच शेवाळ उचला, खडकावरचं उपटू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून काहीच उचलायचं नाही. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर ते मार्च शेवाळ चांगलं मिळतं. ठशाला कोणतं चांगलं? पंख्यासारखं पॅडिना, फुग्याफुग्यांचं सारगॅसम, आणि पातळ पानाचं उल्वा. उल्वा अर्धपारदर्शक असल्यामुळे त्याच्या आतल्या घड्यासुद्धा निळ्याच्या वेगवेगळ्या छटांत उतरतात. सारगॅसमचे फुगे जाड, ते काचेला टेकून बाकीचं पान वर उचलतात आणि कडा धूसर येते. दोन-चार फुगे कापून टाका.

गोड्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पान कधीच सुकत नाही. मग ट्रेमध्ये पाणी, त्यात शेवाळ तरंगू द्या, खालून कागद सरकवून हळूच वर उचला, काडीनं फांद्या पसरवा. वरून मलमलचं फडकं, मग टीपकागद, मग वजन. टीपकागद रोज बदला, पाच-सहा दिवस. फडकं नसेल तर बुळबुळीत पान टीपकागदालाच चिकटतं.

वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, सुकती सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास. गावागणिक थोडं मागंपुढं. आणि खडकार पाय जपान ठेवा.

निळाई
ॲटकिन्स यांच्याबद्दल दोन गोष्टी जोडते. त्यांचे वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन आणि हर्शेल यांची ओळख होती, त्यामुळे पद्धत वर्षभरात त्यांच्या हाती आली. १८४३ पासून दहा वर्षं त्यांनी ब्रिटिश शेवाळांचे ठसे भागाभागांनी काढले. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. कॅमेरा त्यात कुठेच नाही. नावं आणि शीर्षकंही तशाच रीतीनं छापलेली, निळ्यावर पांढरी. मुलांना त्यांच्या पानावर शेवाळाचं नाव लिहायला सांगा: पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईनं लिहायचं, ती पट्टी कागदावर शेवाळाच्या पायाशी ठेवायची.

त्या काळी हे विज्ञान मानलं गेलं, कला नव्हे. पानाची मांडणी बघितली की ती विभागणी फार टिकत नाही, पण हे माझं मत.

तिसरा_प्रहर
जरा विरोधी सूर लावतो. दोन निगेटिव्ह जोडल्यामुळे छायाचित्र ‘कला’ झालं असं मुलांच्या मनावर बिंबवू नका. इंग्लंडात ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं बोधचित्र केलं. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ मध्ये पाच निगेटिव्हांतून मरणासन्न मुलीचं दृश्य रचलं. दोन्ही चित्रं रंगचित्राची नक्कल करायला निघाली आणि तिथेच अडकली. १८८९ मध्ये पीटर हेन्री इमर्सन यांनी या रचलेल्या चित्रांवर तुटून पडणारं पुस्तक लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी ‘छायाचित्र ही कला नाही’ म्हणून स्वतःचाच दावा मागे घेतला! माणूस प्रामाणिक, पण चंचल.

आपल्याकडेही जोडणी होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. विल्यम जॉन्सन तिच्या संस्थापकांपैकी. मूळ गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड सदस्य, आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रकार. जॉन्सन यांनी १८६३ पासून मुंबईतल्या जातीजमातींची चित्रं पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली: माणसं एका ठिकाणी टिपलेली, मागची पार्श्वभूमी दुसऱ्या निगेटिव्हची. तिथे जोडणी आकाश वाचवायला नव्हती, माणसाला ‘नमुना’ करायला होती. तंत्र तेच, हेतू वेगळा. हेही मुलांना दाखवा, ल ग्रे एकटे नकोत.

अंधारखोली
मान्य. फरक एवढाच की ल ग्रे यांच्या समुद्रात कथा नाही, नट नाहीत. उजेड, पाणी, क्षितिज. पण कलेचा शिक्का कोण मारतं हेही बघा: १८५९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात छायाचित्रांना जागा मिळाली ती वेगळ्या दारानं, आणि कवी-समीक्षक बोदलेअर यांनी त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं छायाचित्रावर झोड उठवली. १८६२ मध्ये फ्रेंच न्यायालयानं मेयर आणि पिअरसन या छायाचित्रकारांच्या खटल्यात छायाचित्राला कलेचं संरक्षण दिलं, ते नक्कल करून विकणाऱ्यांमुळे. म्हणजे निकाल समीक्षकाआधी वकिलानं लावला. ल ग्रे यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. १८६० मध्येच धंदा बुडाला, पॅरिस सोडलं, १८८४ मध्ये कैरोत वारले.

आता जोडणीची कृती, सविस्तर.

फोन तिपाईवर. पहिली फ्रेम समुद्र आणि खडकांसाठी, दुसरी आकाशासाठी दोन ते तीन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). क्षितिज दोन्हींत एकाच उंचीवर आणि सपाट. माड, डोलकाठी, सड्याची कडा असं काही क्षितिजाच्या वर आलेलं नको, कारण झाकण सरळ रेषेत कापायचं आहे. ल ग्रे यांना समुद्र सोपा गेला तो यामुळेही.

संगणकावर समुद्राची फ्रेम कृष्णधवल करताना फक्त निळी वाहिनी (ब्लू चॅनेल) घ्या, तांबडी आणि हिरवी शून्य. कोलोडियनची नजर अशीच होती. जांभ्याचा तांबडा कडा जवळपास काळा होईल, तांबडी रंगवलेली होडी काळी, आकाश कोरं. मुलांना इथे एकदम उलगडा होतो. आकाशाच्या फ्रेमला मात्र तांबडी वाहिनी वापरा, ढग उठून येतात. ही लबाडी आहे, ल ग्रे यांच्याकडे तांबडी नव्हती.

दोन्ही चित्रांची निगेटिव्ह करा (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं), आरशासारखी फिरवा, आणि इंकजेटच्या पारदर्शक फिल्मवर छापा. लेझर प्रिंटरचा काळा पुरेसा दाट नसतो, तोच वापरायचा तर दोन प्रती एकावर एक. शाई रात्रभर वाळू द्या. चार कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा छापायला विसरू नका.

छपाई अशी. कागदावर समुद्राची निगेटिव्ह, वर काच, काचेवर क्षितिजापासून वरचा भाग झाकणारा काळा कागद. उन्हात ठेवा. उघडा राहिलेला गडद भाग करडा, धातूसारखा चमकायला लागला की आत आणा. धुवायचं नाही. सायनोटाइप उन्हातच दिसू लागतो, त्यामुळे छापलेली क्षितिजाची रेषा डोळ्याला दिसते. तिच्यावर आकाशाची निगेटिव्ह जुळवा, आता खालचा भाग झाका, पुन्हा ऊन. मग एकदाच धुलाई.

निळाई
क्षितिजावरची रेघ हा या कृतीतला सगळ्यात मोठा त्रास, त्यावर थोडं. दोन्ही झाकणं एकमेकांवर चढली तर पांढरी रेघ राहते. दोन्ही उघडी पडली तर गडद निळी. पुस्तकात लिहिलेलं असतं की झाकण काचेपासून सेंटिमीटरभर वर धरा, कड मऊ होईल. थेट उन्हात तसं होत नाही. सूर्याची थाळी अर्ध्या अंशाची, म्हणून एक सेंटिमीटर उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कड जेमतेम ०.१ मिमी मऊ होते. कड खरंच विरघळवायची तर दोन मार्ग. एक, झाकण सतत दोन-तीन मिलिमीटर वरखाली हलवत राहा. दुसरा, मोकळ्या आकाशाखाली पण सावलीत छापा, वेळ तिप्पट-चौपट धरून. तिथे उजेड सगळीकडून येतो आणि उचललेल्या झाकणाची कड आपोआप मऊ होते. जुने छपाईवाले कडेला कापसाची लड ठेवत, तीही चालते.

काच साधी घ्या, ४ किंवा ५ मिमी. गाडीची पुढची काच किंवा अतिनील अडवणारी फ्रेमची काच नको. त्यामागे कागद तासभर ठेवला तरी जवळपास पिवळाच राहतो.

वेळ: डिसेंबरात अकरा ते अडीच, निरभ्र ऊन, दहा ते पंधरा मिनिटं. ढग आले तर पाऊण तासही लागेल. आधी एका पट्टीवर दर दोन मिनिटांनी एकेक भाग झाकत चाचणी घ्या आणि ती पट्टी धुऊन बघा, न धुता नको. धुतल्यावर ठसा बराच उतरतो.

खारफुटी
धुतल्यावर निळा फिका वाटला तर?

निळाई
खरा निळा दिवसभरात हवेनं येतो. घाई असेल तर शेवटच्या पाण्यात लिटरला १० मिली हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधाच्या दुकानातला ३ टक्क्यांचा. क्षणात गडद होतो, मुलं ओरडतात. पण पिवळा पूर्ण निघाल्यावरच घाला.

तिसरा_प्रहर
समुद्राच्याच पाण्यानं मिठाचा कागद, म्हणजे टॅलबट यांची सॉल्ट प्रिंट, करता येईल का? दोन्ही बाजूंनी समुद्र!

अंधारखोली
येतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, आणि सॉल्ट प्रिंटला २ टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं. म्हणजे गाळलेलं समुद्रपाणी आणि डिस्टिल्ड पाणी निम्मेनिम. खाडीच्या तोंडाचं पाणी घेऊ नका, गोडं मिसळलेलं असतं. त्यात लिटरला २० ग्रॅम तवकील (आरारूट) शिजवून घाला, म्हणजे चित्र कागदाच्या पोटात न बुडता वर राहतं. तवकिलीची खळ त्या काळीही या कामाला वापरत.

कागद वाळला की १२ टक्के सिल्व्हर नायट्रेट. इथे मात्र थांबा. ते त्वचेला काळे डाग पाडतं, डोळ्यात गेलं तर इजा गंभीर होते. बारा मुलांच्या हाती देऊ नका. चष्मा लावून एकानं दाखवावं. छाप हवा त्याहून बराच गडद होऊ द्यावा, कारण हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात) तो उतरतो. १० टक्के हायपोचे दोन ट्रे, प्रत्येकी चार मिनिटं, मग अर्धा तास वाहतं पाणी. आपल्याकडच्या ओलीत कागद पूर्ण सुकत नाही आणि चांदी निगेटिव्हला डागते, म्हणून मध्ये २५ मायक्रॉनची पारदर्शक पॉलिस्टर फिल्म ठेवा.

तिसरा_प्रहर
मग तो दाखवण्यापुरताच बरा. आणि शेवटी अमेरिकन छायाचित्रकार स्टिगलिट्झ दाखवा. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी रंगद्रव्य घालून काचेला हिरवा दाखवला, १९०६ पासून सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या, आणि १९२२ पासून स्टिगलिट्झ ढग टिपू लागले. पुढे पुढे तर नुसते ढग, क्षितिजच नाही. ल ग्रे यांना ज्यासाठी दुसरी काच लागली, तेच आता अख्खं चित्र. १९२४ मध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयानं त्यांची २७ छायाचित्रं संग्रहात घेतली.

खारफुटी
हे क्रमात बसतं. सुकतीभरतींच्या पाऊणपटीवरून तारखा अशा लावते: पौर्णिमेला संध्याकाळच्या सुकतीला वाहून आलेलं शेवाळ गोळा, आठवडाभर दाब. कार्यशाळा अष्टमीला सुरू. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सुकती दुपारी बाराला. पहिल्या दिवशी शेवाळाचे ठसे, मधल्या वेळात उघड्या खडकांवर समुद्राच्या फ्रेमा, रात्री निगेटिव्ह वाळत. दुसऱ्या दिवशी जोडणी.

सुकतीभरती
बरोबर. पण अष्टमीची सुकती उधाणासारखी खोल जाणा नाय, खडक अर्धेच उघडे पडतले. फ्रेमा साडेअकरा ते साडेबारातच घेवा, आणि आकाशाची फ्रेम लगेच मागून. तासभरान घेतलास तर पाण्यावरचा ऊन एका बाजून आणि ढगांवरचा दुसऱ्या बाजून दिसतला.